वेबसाइटचं नाव दुसऱ्याकडं असेल तर आधी सरळ विचारा



हळद शिजवून, वाळवून, पॉलिश झाली. आता गटात पावडरीच्या पाकिटावर काय छापायचं हा विषय चालू आहे. गटाचं जे नाव तेच वेबसाइटला पाहिजे, पण डॉट कॉममधलं ते नाव कोणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी घेऊन ठेवलंय. उघडलं तर कोरं पान. विकायला आहे असंही कुठं लिहिलेलं नाही. पोरं म्हणतात वकिलाची नोटीस पाठवू, एक जण म्हणतो एजंट लावू. मला दोन्ही पटत नाही. ही अडचण उद्या बऱ्याच शेतकरी कंपन्यांना येणार, म्हणून लिहितो.

आधी नोटिशीचं बघू. त्या माणसानं नाव आपला गट जन्मायच्या आधी घेतलंय, मग तो चोर कसा? जो आधी येईल त्याला नाव, असाच तिथला नियम आहे. आपला ट्रेडमार्क जुना असेल आणि समोरच्यानं वाईट हेतूनं नाव अडवलं असेल, तर दाद मागता येते. डॉट इनच्या नावांसाठी निक्सीकडं तशी सोय आहे. पण नुसतं आपल्याला हवंय म्हणून कोणाचं काढून घेता येत नाही. निसान मोटार कंपनी १९९९ साली अमेरिकेत कोर्टात गेली होती. निसान डॉट कॉम हे नाव उझी निसान या माणसानं १९९४ सालीच घेतलेलं, आणि त्याचं आडनावच निसान. खटला वर्षानुवर्षं चालला, नाव त्याच्याकडंच राहिलं. मग आपल्या सभासदांच्या शेअरचे पैसे कोर्टात कशाला घालायचे?

एजंटाला टक्केवारी किमतीवर मिळते. किंमत चढली तर त्याचं काय बिघडतं?

माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्याची जमीन विचारायला जातो तसं जायचं. आधी उतारा बघायचा. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकलं की ते कधी नोंदलं, मुदत कधी संपते, कोणत्या रजिस्ट्रारकडं आहे हे दिसतं. २०१८ पासून मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं असतं, पण त्याला निरोप पोचवायला ईमेल किंवा फॉर्म असतो. त्यावर चार ओळी लिहायच्या:

"नमस्कार. अमुक नाव आपल्याकडे आहे. आम्ही शेतकऱ्यांचा गट आहोत. ते विकण्याचा आपला विचार आहे का? असल्यास अपेक्षा कळवावी. नसल्यास काही हरकत नाही."

खाली खरं नाव आणि फोन नंबर. काही जण सांगतात, ओळख लपवा म्हणजे स्वस्तात मिळेल. मला ते पटत नाही. अनोळखी माणसाच्या निनावी निरोपाला कोण उत्तर देईल? मात्र पाकिटं छापायला टाकलीत, ऑर्डर आलीय, हे सांगायचं नाही. गरजवंताला अक्कल नसते, आणि विकणाऱ्याला गरज लगेच कळते.

उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करायची, मग विषय सोडायचा. मुदत संपायची वाट बघत बसू नका. डॉट कॉमचं नाव मुदत संपली तरी बहुतेक वेळा लगेच मोकळं होत नाही, मालकाला सोडवून घ्यायला सवड मिळते. आणि मोकळं झालं तरी टपून बसलेले आपल्या आधी झडप घालतात.

कमाल आकडा सभेत ठरवून इतिवृत्तात लिहा. नवं नाव वर्षाला हजार-पंधराशेत मिळतं, हे डोक्यात असू द्या. टेस्ला गाडीवाल्यांना टेस्ला डॉट कॉम मिळवायला दहा वर्षांच्या वर लागली आणि १ कोटी १० लाख डॉलर गेले, असं इलॉन मस्क यांनीच सांगितलंय. तोवर त्यांनी टेस्लामोटर्स या नावावर धंदा केलाच ना? आपणही नावापुढं गावाचं नाव जोडू, नाहीतर डॉट इन घेऊ.

सौदा ठरलाच तर पैसे आधी त्याच्या खात्यावर टाकू नका. एस्क्रो म्हणून सोय असते. पैसे तिऱ्हाइताकडं राहतात, नाव आपल्या खात्यात आलं की मगच त्याला मिळतात. थोडी फी जाते, जाऊ द्या.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. खरेदी झाल्यावर फेरफार कोणाच्या नावावर होतोय ते बघा. नोंद कंपनीच्या नावानं आणि कंपनीच्याच ईमेलवर पाहिजे. वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या किंवा चेअरमनच्या घरच्या ईमेलवर नको. नाहीतर तो माणूस सोडून गेला की आपलंच नाव मागायला आपल्यालाच चार ओळी लिहाव्या लागतील.

तुमच्या कंपनीचं नाव कोणाच्या खात्यात आहे? आज बघून घ्या आणि खाली लिहा.