पासिंगला गाडी रिकामी, घाटात भरलेली

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य यांस,



आमच्या जुन्नर तालुक्यात पिकअप हे शेतीचंच एक अवजार आहे. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याला कांदा, रात्री माळशेज उतरून कल्याणला भाजी आणि हंगाम सरला की शेणखत, कडबा, मंडपाचे बांबू, लग्नातलं कपाट आणि फ्रिज. यातल्या कितीतरी गाड्यांनी पंधरा वर्षं ओलांडली आहेत. नवी घ्यायची तर आठ-दहा लाखांचा आकडा ऐकावा लागतो. जुनी मोडीत काढली तर केंद्राच्या नियमांप्रमाणे नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, पण मुळात नवी घ्यायची ऐपत नसेल तर त्या सुटीचा उपयोग काय? म्हणून जुनी टाटा २०७ किंवा जुनी बोलेरो पिकअपच दुरुस्त करत, इथे पट्टी मारत, तिथे पाटा वाढवत चालवली जाते. हे पुढची दहा वर्षं तरी बदलणार नाही, असं धरूनच मी लिहितो आहे.

नियम ढिले करा, असं मला म्हणायचं नाही. माझी तक्रार उलटी आहे. धोका आहे तिथे आपल्या खात्याची नजर जात नाही, आणि जाते तिथे धोका फारसा नसतो.

कमानीचंच बघा. पिकअप घेतली की दोन-तीन महिन्यांत मालक कमानवाल्याकडे जातो आणि मागे दोन जादा पाटे टाकून घेतो. गाडी 'बसत नाही' म्हणून तो खूश, कमानवाला खूश. आता गाडीखाली शिरून काय होतं ते पाहू. अनेक पिकअपच्या चेसिसला मागच्या बाजूला ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा मागच्या एक्सलला जोडलेला असतो. हौद्यात वजन पडलं की कमानी दबतात, चेसिस खाली येते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेक ऑइलचा जादा दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तेव्हा तो दाब कमी ठेवतो. तसं केलं नाही तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी होते. दीड टन मालावरही आणि रिकाम्या हौद्यावरही एकाच पायाने ब्रेक मारता यावा, याची ही सोय आहे.

जादा पाटे टाकले की कमान दबतच नाही. हौदा काठोकाठ भरला तरी व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. मागचे ब्रेक अर्धवट लागतात आणि सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. माळशेजच्या उतारावर वळणामागून वळण ब्रेक दाबत आलं की पुढचे ब्रेक तापतात, जुनं पाणी धरलेलं ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. लोक म्हणतात, ब्रेक फेल झाला. खरं तर तो कमानवाल्याच्या दुकानातच निम्मा गेलेला असतो. काही गॅरेजवाल्यांना हे कळतं आणि ते त्यावर आणखी भयंकर इलाज करतात. व्हॉल्व्हचा दांडा तारेने वर ओढून बांधून टाकतात. मग भरलेल्या गाडीचे ब्रेक कडक लागतात, पण तीच गाडी माल उतरवून पावसात परत येताना गिरकी घेते. शिवाय कडक कमानीचा प्रत्येक दणका चेसिसला बसतो. कमान चेसिसला अडकवणाऱ्या हँगरच्या रिव्हेटपाशी केसासारखी चीर पडते आणि तिच्यावर चिखल बसला की ती कुणाला दिसतही नाही.

आता पासिंग. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं आणि ते योग्यच आहे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तेव्हा कुठे आपल्याकडे ब्रेकच्या चाचणीसाठी अडीचशे मीटरचा ट्रॅक सक्तीचा झाला. त्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारून पासिंग होत असे, हे जुन्या लोकांना आठवत असेल. पण त्या ट्रॅकवर गाडी येते ती रिकामी. रिकाम्या गाडीचे ब्रेक बहुतेक लागतातच, मग पाटे दोन जादा असोत की चार. रोलरवर ब्रेक मोजणारं नवं स्वयंचलित केंद्र आलं तरी गाडी तिथेही रिकामीच जाणार. म्हणजे टोमॅटो भरून घाट उतरताना ती कशी थांबेल, हे वर्षातून एकदाही कुणी बघत नाही.

त्याऐवजी काय बघितलं जातं? रेडियम : पुढे पांढरं, बाजूला पिवळं, मागे लाल. स्पीड गव्हर्नरचा कागद. रंग. नंबरप्लेट. या गोष्टी नकोत असं मी मुळीच म्हणणार नाही. रात्री रस्त्यात बंद पडलेल्या ट्रॉलीला मागून धडकलेल्या माणसाच्या घरी जाऊन आलेला कुणीही रेडियमला नावं ठेवणार नाही. पण चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेणारा माणूस आणखी जरासा वाकला, तर त्याला तारेने बांधलेला दांडा दिसू शकतो. पाटे मोजायला एक मिनिट पुरतं. त्यासाठी यंत्र लागत नाही, बॅटरी लागते. आणि पासिंगपुरते चांगले टायर चढवून दुसऱ्या दिवशी परत गुळगुळीत टायर लावणारे महाभाग आमच्यातच आहेत. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी नको हा नियम त्यांना पाठ असतो, म्हणून तर ते टायर बदलून येतात.

दुसरा मुद्दा कायद्याच्या कागदाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची नोंद आणि कंपनीचा मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. केरळातल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं : परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तरी कायदा बदलाच्या नावानेच बोटं मोडतो असंही नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा बॅटरीचं किट बसवता येतं, त्याच कंपनीचं त्याच प्रकारचं इंजिन मंजुरी घेऊन टाकता येतं, अपंग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घेता येते. मंजुरीविना काही बदल झालाच तर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घेण्याची तरतूदही आहे. आणि 'बदल' म्हणजे काय, याचा खुलासा कलमातच आहे : गाडीच्या रचनेतला असा फरक की ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं.

हा खुलासा वकिलाला पुरेल, पण गॅरेजवाल्याला पुरत नाही. फाळक्यावर नटबोल्टने बसवलेली, काढता येणारी जाळी हा बदल आहे की नाही? तीच जाळी वेल्डिंगने पक्की केली तर? हौद्याचा पत्रा कुजला म्हणून त्याच मापाचा नवा हौदा बनवून घेतला, तर नोंद लागते का? ताडपत्रीसाठी वर पाइप लावले तर? एका कार्यालयात एक उत्तर, दुसऱ्यात दुसरं, आणि दारातल्या एजंटाकडे तिसरं. तेच सगळ्यांत महाग. परिणाम असा की नियम पाळायची इच्छा असलेला माणूस विचारायलाच जात नाही. न विचारता केलेलं काम मग अंधारात होतं आणि अंधारातलं काम वाईट होतं.

हौदा मागे फूटभर वाढवणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं की मागच्या एक्सलपलीकडचा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा लांब नको. मागे लोंबणारं वजन पुढची चाकं उचलतं आणि भरल्या गाडीचं स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. ड्रायव्हरला तर ते हलकं स्टिअरिंग आवडतंच! कारण कळलं की माणूस ऐकतो. नुसत्या दंडाला तो भितो, आणि भीती चौकी ओलांडेपर्यंतच टिकते.

इंजिनाचंही तसंच. ब्लॉक गेला की आमच्याकडे भंगारातून 'हाफ इंजिन' आणतात. नव्यापेक्षा किंमत कितीतरी कमी. त्यावरचा नंबर आरसीशी जुळत नाही, मालक गप्प बसतो, आणि कधीतरी कळतं की ते इंजिन चोरीच्या गाडीचं होतं. किंवा अपघात होतो आणि विमा कंपनी त्या नंबरावर बोट ठेवून हात वर करते. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातून इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे पावतीसह मिळाले आणि त्या पावतीवर आरसीत नोंद झाली, तर भंगारवाल्याच्या अंधाऱ्या गोदामात जायला कुणाला हौस आहे?

दिव्यांबद्दल एकच सांगतो, कारण त्यावर बोलू लागलो तर शिव्या येतील. साध्या बल्बच्या हेडलाइटमध्ये पांढरे एलईडी कोंबणाऱ्यांना पासिंगलाच परत पाठवा.

आता आमची बाजू. कमानी का वाढवतात? वजनासाठी. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं. सव्वा टनाच्या गाडीत साठेक क्रेट कायद्याने बसतात. फाळका उंच केला की शंभर बसतात, म्हणजे दोन टन. जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर टनामागे २,००० हा दंड सगळ्यांना माहीत आहे. पण भाडं क्रेटवर ठरतं आणि व्यापारी साठ क्रेटला गाडी लावत नाही. हे पाप चालकाचं, मालकाचं आणि व्यापाऱ्याचं मिळून आहे. त्यातलं एक टोकही आपल्या खात्याच्या गळ्यात बांधायचं नाही. त्याच हौद्यात मजूर बसवतात, वऱ्हाड बसवतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप दरीत गेली. श्रावणी सोमवार होता. त्यानंतर आठ-पंधरा दिवस हौद्यात माणसं बसली नाहीत. मग पुन्हा बसू लागली.

म्हणून आपल्याकडे मागणं एवढंच आहे. एक साधं मराठी पत्रक काढा. कशाला परवानगी लागत नाही, कशाला लागते आणि काय कधीच चालणार नाही, हे पिकअपच्या चित्रासह त्यात असू द्या. ते प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर आणि प्रत्येक बाजार समितीच्या फाटकावर लावा, म्हणजे सगळ्या कार्यालयांचं उत्तर एक होईल. पासिंगच्या तपासणीत मागच्या पाट्यांची संख्या, ब्रेकच्या त्या व्हॉल्व्हची अवस्था आणि हँगरजवळची चेसिस यांची नोंद सक्तीची करा. कोणत्या मॉडेलला किती पाटे, हा तक्ता कंपन्यांकडून मागवणं अवघड नाही. त्यांचे कारखाने पिंपरीत आणि चाकणला आहेत, एक पत्र पुरे. तालुक्यात आपले कॅम्प होतातच. त्यातला एक दिवस हंगामाआधी असा ठेवा की त्या दिवशी दंडाचं पुस्तक मिटलेलं असेल, गाडी खालून तपासून दोष कागदावर लिहून मिळेल आणि दुरुस्तीला महिन्याची मुदत मिळेल. त्या दिवशी कमानवाल्यांना आणि वेल्डरनाही बोलवा. आयटीआयतल्या डिझेल मेकॅनिकच्या पोरांना सोबत घ्या. चार गाड्यांखाली झोपून ती जे शिकतील ते फळ्यावर शिकता येत नाही.

आणि फिटनेस संपलेल्या गाडीला परत यायची वाट ठेवा. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क हे रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या विरोधानंतर २०२४ साली राज्याने थांबवलं, ते बरं झालं. वर्षभर चुकलेल्या गाडीवर त्या हिशेबाने अठरा हजार चढतात. इतके पैसे भरून कुणी पासिंगला येत नाही. तो गाडी गावातल्या गावात, विम्याविना चालवत राहतो.

हे सगळं टोमॅटोचा हंगाम सुरू व्हायच्या आत झालं तर त्याचा उपयोग आहे. उत्तराची वाट पाहतो आहे. आणि पिकअपवाल्या भावांनो, आपण उत्तराची वाट बघत बसायचं कारण नाही. कुठल्याही ओळखीच्या मेकॅनिकला सांगून गाडी पिटवर घ्या, मागचा दांडा तारेने बांधलेला असेल तर ती तार आजच सोडवा, जादा पाटे काढा आणि ब्रेक ऑइल बदला.

आपला,
जुन्नर तालुक्यातला एक पिकअपमालक