हाफ इंजिन, फुल सीसी

गॅरेजच्या भाषेत इंजिनाची कामं दोनच. हेड, ब्लॉक, पिस्टन उघडलं की 'हाफ इंजिन'. केस खोलून क्रँक, रॉड, बेअरिंगपर्यंत गेलं की 'फुल इंजिन'. माझं म्हणणं सरळ आहे: सीसी वाढवायचे असतील तर ते फुल इंजिनाचंच काम आहे. ते हाफमध्ये उरकणारा मेकॅनिक आणि उरकायला लावणारं गिऱ्हाईक, दोघं मिळून तिसऱ्याच कुणाच्या तरी जिवाशी खेळतात.

जुनी कास्ट आयर्न बुलेट घ्या. ३५० चा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. ५०० चा बोअर ८४, स्ट्रोक तोच ९०, म्हणजे ४९९. सगळी भुरळ या सारख्या स्ट्रोकची आहे. "क्रँकला हातच लावायचा नाही भाऊ, ब्लॉक-पिस्टन बदलला की झाली पाचशे!"

आता हिशोब करू. पिस्टनचं क्षेत्रफळ बोअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ७० चे ८४ केले की ते ४४ टक्क्यांनी वाढलं. सिलिंडरमधला कमाल दाब तेवढाच राहिला, समजा ५० बार, तरी दर स्फोटाला पिस्टनवर येणारा जोर जवळपास दोन टनांवरून पावणेतीन टनांच्या वर जातो. हा जोर रॉडमधून थेट क्रँकपिनवर उतरतो. ४००० आरपीएमला मिनिटाला २००० स्फोट, तासाला १ लाख २० हजार. रील असते तीस सेकंदांची. तेवढ्यात काहीच तुटत नाही, म्हणून सगळं छान दिसतं.

आणि हा जोर झेलतंय कोण? या इंजिनात रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर बेअरिंग नाही, तरंगता बुश आहे. त्याचं आयुष्य ऑइलच्या पातळ थरावर अवलंबून. भार वाढवला, ऑइल पंप मात्र जुना, झिजलेला ठेवला, की तो थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. क्रँक अखंड नाही; दोन फ्लायव्हील आणि मधली पिन जोडून बनलेली आहे. जोर वाढला की ही जोडणी केसभर सरकू शकते, आणि तेवढंही पुरतं.

त्यात नवा पिस्टन जड. फ्लायव्हीलवरचं वजन जुन्या पिस्टनच्या हिशोबाने ठेवलेलं असतं. बॅलन्सिंग पुन्हा केलं नाही तर थरथर वाढते, आणि ती हँडलच्या आधी मेन बेअरिंगला कळते. शिवाय पाचशे केलेली गाडी कुणी हळू चालवत नाही. पिस्टनच्या ये-जा करण्यातून येणारी ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते: ५००० वरून ६००० ला गेलात की आणखी ४४ टक्के. पिस्टन जड असेल तर त्याहूनही जास्त.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "कंपनीनेही याच स्ट्रोकवर पाचशे काढली होती." काढली होतीच. पण तिने क्रँक त्या पिस्टनसाठी बॅलन्स केली होती आणि पार्ट नवे होते. तुमची क्रँक वीस वर्षं साडेतीनशेचा भार वाहून आलेली आहे. दुसरं उत्तर: "मित्राची दोन वर्षं मस्त चाललीये." धातूचा थकवा असाच असतो. शेवटच्या दिवसापर्यंत मस्तच चालतं.

खरं काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते कुणी दाखवत नाही. क्रँक खोलायची. नवी पिन, नवा बुश किंवा रोलरची जोडणी, जमलं तर स्टीलचा रॉड. मग क्रँक सेंटरवर धरून डायल गेजने मिलिमीटरच्या शंभराव्या भागात खरी करायची, नव्या पिस्टनचं वजन घेऊन बॅलन्स करायची. मेन बेअरिंग नवी, ऑइल पंप जास्त क्षमतेचा. मोठा ब्लॉक बसवायला केसचं तोंड कापावं लागलं तर उरलेली भिंत किती जाड आहे ते मोजायचं. मी मेकॅनिकल शिकून सॉफ्टवेअरमध्ये आलो. इथेही लोड वाढवण्याआधी डेटाबेस झेपवेल का ते पाहतात. नुसतं होमपेज रंगवून कुणी सेल सुरू करत नाही.

पण आपण एक्झॉस्टला न कुरकुरता पैसे मोजतो आणि क्रँक खरी करणाऱ्या टर्नरशी घासाघीस करतो. अशा गिऱ्हाइकासमोर प्रामाणिक मेकॅनिक टिकणार कसा? 'फुल करावं लागेल' म्हणणारा महाग ठरतो, 'होऊन जाईल' म्हणणारा दोस्त.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या भागाची. खालून खडखड यायला लागली की गाडी विकायला निघते. आरसी बुकात ३४६ सीसीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, पण आरटीओत सांगायला जातो कोण? पहिल्या नोकरीच्या पैशातून कुणीतरी ती घेतो. हायवेवर ८० च्या वेगात बिग एंड जाम झाला तर मागचं चाक लॉक होऊ शकतं. क्लच दाबायला किती वेळ मिळेल, ते मागच्या ट्रकवर अवलंबून.

तेव्हा बिल्ड करायला निघालात तर मेकॅनिकला टॉप स्पीड विचारू नका. क्रँक कोण खरी करणार, बॅलन्स कुठल्या पिस्टनवर होणार, पंप कुठला, हे विचारा. आधी या कामाचे पैसे बाजूला काढा. ते परवडत नसतील तर साडेतीनशेच चालवा. ती दिवसभर ७० ने बिनघोर पळते.