सर्व्हरची चावी कुणाकडे?

तेंदूपानाचा हिशेब ठेवणारी छोटीशी वेब सेवा कुठे आणि कशी चालवायची, असं चंद्रपूर-गडचिरोलीतले संगणक शिकलेले तरुण मला अधूनमधून विचारतात. विचारतात म्हणजे काय, उत्तर खिशात घेऊनच येतात. कंटेनर, कुबरनेटीस, लोड बॅलन्सर, किमान तीन सर्व्हर. मला हे उत्तर चुकीचं वाटतं, आणि निव्वळ खर्चामुळे नाही.

आधी काम किती ते पाहू. तेंदूचा हंगाम मे महिन्यातला, जेमतेम पंधरवड्याचा. माणसं पहाटे जंगलात जातात, दुपारभर बसून पुडे बांधतात. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर मोजणी होते आणि ठेकेदाराचा दिवाणजी आकडा वहीत लिहितो. मजुरी त्या आकड्यावर ठरते. त्या वहीशी ताडून पाहायला ग्रामसभेकडे स्वतःचा आकडा असावा, यासाठी ही सेवा. मोबाइलवरून नोंद पाठवायची, गावाची बेरीज मागवायची, एका कुटुंबाचा हिशेब पाहायचा. चार पत्ते, बस.

आता गणित करा. समजा ५० गावं, गावात दीडशे कुटुंबं, प्रत्येकाची रोज एक नोंद. दिवसाच्या ७,५०० नोंदी झाल्या. त्या सगळ्या संध्याकाळच्या दोन तासांत आल्या तरी सेकंदाला एक पडते. पूर्ण हंगामाच्या १,१२,५००. कुबरनेटीस गूगलमधून २०१४ मध्ये बाहेर आलं ते असंख्य मशीनांवर काम वाटून देण्यासाठी. सेकंदाला एका नोंदीसाठी ते उभारणं म्हणजे एका पोत्यासाठी मालगाडी मागवणं. आणि ती गाडी रुळावरून घसरली तर उचलणारा माणूस एटापल्लीत नसतो, पुण्यात असतो आणि तेव्हा फोन उचलत नसतो.

दुसरा पक्ष भावनिक आहे. तो म्हणतो, सर्व्हर गावातच ठेवा, आपला डेटा आपल्या घरात. ऐकायला छान वाटतं. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, वळवाच्या वादळात वीज जाते, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. ग्रामपंचायतीच्या कपाटावर ठेवलेलं यंत्र बंद पडलं की दुरुस्तीआधी तिथे पोचायचाच प्रश्न येतो.

तिसरा पर्याय लॅम्डासारख्या सेवांचा. यात सर्व्हर सांभाळायचा नसतो, जितका वापर तितकं बिल. एवढ्याशा कामाला तो स्वस्त पडेल, हे मान्य. पण प्रोग्राम त्या कंपनीच्या सुट्या भागांशी बांधला जातो. उद्या दुसरीकडे न्यायचा तर बरंचसं पुन्हा लिहावं लागतं. लिहिणारा मुलगा तोवर हैदराबादला नोकरीला गेलेला असतो.

माझं म्हणणं साधं आहे. मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधलं एकच लहान आभासी मशीन भाड्याने घ्या. त्यावर एकच प्रोग्राम, एसक्यूलाइटची एकच फाइल. प्रोग्राम कोसळला तर लिनक्समधलं सिस्टमडी तो आपोआप पुन्हा सुरू करतं. रोज रात्री फाइलची प्रत दुसऱ्या ठिकाणी जाऊ द्या. मात्र चालू फाइल नुसती उचलून ठेवू नका, एसक्यूलाइटची बॅकअप आज्ञा वापरा. आणि एप्रिलमध्ये एकदा त्या प्रतीवरून सगळं नव्या मशीनवर उभं करून पाहा. ही रंगीत तालीम बहुतेक जण टाळतात.

‘एकच मशीन? आणि ते बंद पडलं तर?’ हा आक्षेप दरवेळी येतो. इथे फळीवर रेंज मिळणं हेच नवल. म्हणजे नोंद आधी मोबाइलमध्येच साठली पाहिजे आणि रेंज मिळाल्यावर गेली पाहिजे. हे एकदा नीट बांधलं की सर्व्हर तासभर बंद राहिला तरी एक पुडाही हरवत नाही. काळजी उलट बाजूची घ्या. नोंद पोचली, पण पोच परत येण्याआधी रेंज गेली, तर मोबाइल तीच नोंद पुन्हा पाठवतो. साध्या ‘पोस्ट’ने पाठवलेले १२० पुडे अशाने २४० होतात. म्हणून प्रत्येक नोंदीला मोबाइलनेच वेगळा क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाच्या पत्त्यावर ती ‘पुट’ने पाठवावी. दहादा पाठवली तरी नोंद एकच राहते. तीन सर्व्हर लावून ही चूक सुटत नाही. फळीवर हिशेब दुप्पट दिसला की दिवाणजी हसतो, आणि ग्रामसभेच्या आकड्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

पण माझं खरं भांडण चावीवरून आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला. जंगल त्यांचं, बांबू त्यांचा, पण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. परवान्याशिवाय बांबू बाहेर विकता येत नाही. ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावं लागलं. केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे पेसा नियम २०१४ चे. कागदावरचा हक्क हातात यायला इथे किती वेळ लागतो, हे या तारखाच सांगतात.

आता पाहा, क्लाउडचं खातं कुणाच्या नावावर उघडलं जातं? प्रोग्राम करणाऱ्याच्या ईमेलवर. पैसे जातात संस्थेच्या कार्डावरून, पासवर्ड असतो तिसऱ्याकडे. कार्डाची मुदत संपली की ग्रामसभेचा हिशेब गायब. कुणी लबाडी केली असंही नाही. गुंतागुंतीची मांडणी असली की चावी ती मांडणाऱ्याकडेच राहते, कारण ती दुसऱ्या कुणाला वळवताच येत नाही. आपल्या घरांत अशा ठेवीला अमानत म्हणतात. ती ज्याची त्याला मागताक्षणी परत देता आली पाहिजे. एक फाइल देता येते. अकरा सेवांचं जाळं देता येत नाही.

म्हणून खातं ग्रामसभेच्या ईमेलवर, पासवर्ड बंद लिफाफ्यात ठराववहीसोबत, आणि मशीन नव्याने उभं करायच्या पायऱ्या मराठीत, एका पानावर. पान पुरत नसेल तर मांडणी बदला, पान वाढवू नका.

हंगाम संपला की फाइलच्या दोन प्रती पेन ड्राइव्हवर घ्या. एक ग्रामसभेच्या कपाटात, एक तालुक्याच्या ठिकाणी. ठेकेदाराकडून येणं बाकी असेल तर हाच हिशेब पावसाळ्यात पुन्हा काढावा लागेल. त्यासाठी सर्व्हर लागत नाही, ती फाइल कुठल्याही लॅपटॉपवर उघडते. मशीन बंद करा. पुढच्या एप्रिलपर्यंत त्याचं भाडं भरायचं कारण नाही.