बांबू द्यावा, पण हिशेब ठेवून



आमच्या महाडच्या मंडळात गेले दोन महिने सामायिक आटोपलं की एकच विषय निघतो, बांबूचा. २०२१च्या पुरानंतर आमच्यापैकी बऱ्याच जणींनी परसात, वाडीच्या कडेला, पऱ्याच्या काठी बांबू लावला. ती बेटं आता अंगाने भरली आहेत. ज्यांच्याकडे नाही त्या मागतात, ज्यांच्याकडे आहे त्या खणून देतात. त्यात आता एक सूचना आली आहे की मंडळानेच रोपं तयार करावी, पन्नास रुपयांना एक विकावं आणि पैसे जीवदयेच्या खात्यात जमा करावे. हेतू चांगला आहे. पण माझा या सूचनेला विरोध आहे आणि तो मी इथे सविस्तर मांडते, कारण मंडळात पाच मिनिटांत बोलून होत नाही आणि मध्येच कुणाची तरी गाडी येते.

आधी पैशाचं बघू, बी.कॉम.ची सवय जात नाही. पिशवी, माती, शेणखत, सावलीची जाळी, दोन-अडीच महिन्यांचं पाणी, आणि न लागलेल्या रोपांचं नुकसान. माझ्या अनुभवात दहा तुकडे लावले तर पाच-सहा जगतात. पन्नासातून हे सगळं वजा केलं तर हातात वीस रुपये राहिले तरी पुष्कळ. शंभर रोपं विकली तर दोन हजार. एवढी रक्कम आपण एका पारण्याच्या प्रभावनेत वाटून टाकतो. जीवदयेला दोन हजार द्यायचे तर सरळ द्यावेत.

पण खरी अडचण पुढेच आहे. पैसे मोजणारीला उंच, हिरवं, लगेच डोळ्यात भरणारं रोप हवं असतं. तसं रोप मिळतं ते बेटाच्या बुडाशी खणून, कंदासकट काढलेलं. म्हणजे विक्री सुरू झाली की पहार आणि कुदळ आलीच. ज्या घरात आपण बटाटा-कांदा आणत नाही, त्या घराच्या मागे बांबूचे कंद खणून विकायचे? कुणी म्हणेल, खायचा नाही तर कंद काढायला काय हरकत? हरकत कंदाची आहेच, त्याहून त्याच्याभोवतीच्या मातीची आहे. जुन्या बेटाच्या बुडाशी पानांचा थर साचलेला असतो, तिथे गांडुळं, वाळवी, गोम, किड्यांची अंडी, काय नसतं? एका कंदासाठी घमेलंभर नव्हे, टोपल्या भरून माती उलटते. शिवाय आईच्या बेटाला जखम होते ती वेगळी. कोवळे डोळे तुटतात आणि पुढच्या पावसात त्या बाजूने कोंब कमी येतात.

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, स्फोटककर्मही आहे. वनस्पती तोडून विकणं आणि जमीन फोडणं, ही दोन्ही उपजीविका म्हणून टाळायला सांगितलं आहे. पन्नास रुपयांच्या रोपाला कुणी उपजीविका म्हणणार नाही हे मला कळतं. तरी जे काम पोटासाठीसुद्धा टाळावं असं सांगितलं, ते पुण्याच्या खात्यासाठी कशाला सुरू करायचं? ज्यांचं पोट यावर आहे त्यांना मी हा प्रश्न विचारत नाही. उलट आपल्या बुरूड बाईकडून सूप घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये, असंच माझं मत आहे.

मग बांबू वाटायचाच नाही का? वाटायचा. पण काठीचे तुकडे लावून.

कृती अवघड नाही. दीड-दोन वर्षांची निरोगी काठी निवडावी. या वर्षीची कोवळी नको आणि चार वर्षांची पिवळट नको. होळीच्या सुमाराला ती कापावी आणि दोन-दोन गाठींचे तुकडे करावेत. गाठीवरच्या फांद्या अर्धा-पाऊण इंच ठेवून छाटाव्यात, डोळा सांभाळावा. वाळू मिसळलेल्या वाफ्यात तुकडे आडवे, डोळे दोन्ही बाजूंना येतील असे ठेवून वर दोन-तीन बोटं माती टाकावी. सावली हवी. पाणी सकाळ-संध्याकाळ, पण चिखल होऊ द्यायचा नाही. पोकळ बांबू असेल तर काही जणी मधल्या पेराला भोक पाडून आत पाणी भरतात आणि तोंड बंद करतात. माणग्यासारख्या भरीव बांबूला ती सोयच नाही, त्याला बाहेरूनच ओल टिकवावी लागते.

दोन-तीन आठवड्यांत हिरवा फुटवा दिसतो आणि इथेच बहुतेक जणी घाई करतात. फुटवा आला म्हणजे मुळं आली असं नाही. तो फुटवा काठीत साठलेल्या अन्नावर येतो. मुळं धरायला दीड ते अडीच महिने लागतात. फुटवा दिसताच उपटून पिशवीत घातलेलं रोप आठ दिवसांत वाळतं, आणि मग आमच्याकडे बांबू लागत नाही असं सांगत फिरायचं! अक्षय्य तृतीयेपर्यंत वाफ्याला हातच लावू नका. तोवर वर्षीतपाची पारणी होतात, आपल्यालाही थोडी सवड मिळते. मग पिशवीत, आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की जमिनीत. आषाढातल्या चौमासी चौदशीच्या आत सगळं उरकतं. चातुर्मासात माती खणायची वेळ येत नाही. माझ्या दृष्टीने या पद्धतीचा हा सर्वांत मोठा फायदा. कंदाचं रोप मात्र पाऊस सुरू झाल्यावर खणून लावतात, म्हणजे नेमकी मातीत जीवोत्पत्ती वाढते तेव्हा.

आणखी एक सोय आहे. तुकड्यापासून झालेलं रोप वर्षभर पिशवीत ठेवलं तर त्याला बुडातून चार-पाच बारीक काठ्या फुटतात आणि प्रत्येकीला आपापलं मूळ असतं. ते रोप हलक्या हाताने फोडून दोन-तीन रोपं होतात. म्हणजे एकदा पाच रोपं जगली की पुढे मोठ्या बेटाकडे जायचं कारणच उरत नाही.

आता माझा दुसरा आग्रह, वहीचा. ज्या मैत्रिणी 'एवढ्या तेवढ्याला कसली वही' म्हणून हसतात त्यांच्यासाठी जरा विस्ताराने लिहिते. बांबू आयुष्यात बहुधा एकदाच फुलतो आणि कळकासारख्या जाती फुलल्या की मरतात. कळकाला फुलायला तीस-चाळीस वर्षं किंवा त्याहून जास्तही लागतात. मुख्य गोष्ट ही की एकाच बेटातून काढलेली सगळी रोपं वयाने त्या बेटाएवढीच असतात. तुम्ही आज लावलं म्हणून ते आज जन्मलं नाही. आईचं बेट पस्तीस वर्षांचं असेल तर तुमच्या अंगणातलं गुडघाभर रोपही पस्तीस वर्षांचं. आई फुलली की थोड्याफार फरकाने सगळी आळी फुलणार आणि सगळं कुंपण एकदम वाळणार. मिझोराममध्ये १९५९ साली तिथला बांबू एकगठ्ठा फुलला, बी खाऊन उंदीर माजले, त्यांनी शेतं संपवली आणि दुष्काळ पडला. पुढे सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी पुन्हा तोच प्रकार झाला. आपल्याकडे तेवढी बांबूची जंगलं नाहीत, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण एका घरचं बेट साऱ्या पेठेत वाटू नये, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. माणगा क्वचित फुलतो आणि त्याला बी धरत नाही, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या काठीने आणि कंदानेच पुढे गेला आहे. त्याचं मूळ बेट कुठलं हे तर वहीशिवाय कळणारच नाही.

म्हणून रोप कुणी दिलं, तिला कुणी दिलं, मूळ बेट कोणत्या गावचं, कोणत्या साली लावलं, एवढ्या चार रकान्यांची वही ठेवा. माझ्या नणंदेने पोलादपूरला ठेवली आहे. तिच्या वहीप्रमाणे तिच्या वाडीत तीन वेगळ्या गावांचे बांबू आहेत. घेताना तिने मुद्दाम तसे घेतले.

नावावर विसंबू नका. एका गावचा मेस तो दुसऱ्या गावचा माणगा निघतो. काठी कापून बघा, भरीव की पोकळ, काटे आहेत की नाहीत. कळकाला काटे असतात, तो घराजवळ नको. माणगा बिनकाट्याचा, सरळ, वाडीला योग्य. सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर त्याचीच लागवड दिसते, कुडाळला कोनबॅक ही संस्था बांबूच्याच कामाला वाहिलेली आहे. आणि काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवतो तो 'लकी बांबू' बांबूच नाही, ती वेगळीच वनस्पती. त्याचा तुकडा वाफ्यात लावून बांबूची वाट पाहू नये.

मोबाइलवर परदेशी बायकांचे व्हिडिओ बघून काही जणी घाबरल्या आहेत की बांबू जमिनीखालून धावतो आणि शेजारच्या लादीतून वर येतो. तो धावणारा बांबू वेगळा, थंड मुलखातला. आपल्या कोकणातले बांबू बेट करून राहतात. दरवर्षी वीतभर बाहेर सरकतात, एवढंच. तरी भिंतीपासून दहा-बारा फूट सोडावेत. शेजारणीच्या गडग्यालाही तेवढाच मान द्यावा.

सापाची भीती मात्र अगदीच खोटी नाही. चापडा हा हिरवा विषारी साप बांबूत राहतो. वाळकी पानं, मोडक्या काठ्या दिवाळीनंतर, दिवसाउजेडी, लांब काठीने मोकळ्या कराव्यात, पावसाळ्यात बेटात हात घालू नये. त्याला मारायचा तर प्रश्नच नाही, तो त्याच्या घरी आहे. काठी कापताना गाठीच्या लगेच वर कापावी. खुंटात वाटी राहिली तर पाणी साचतं, डास होतात आणि जीवोत्पत्तीचं निमित्त आपण होतो. हा नियम मला एका कुणबी काकींनी सांगितला. त्यांचं कारण डासांचं होतं, माझं जयणेचं. काठी मात्र दोघींनी सारखीच कापली.

कोंबाचा प्रश्न दोन-तीन जणींनी विचारला. आपल्या बत्तीस अनंतकायांत वंशकारेला, म्हणजे बांबूचा कोंब, आहेच. आपण खात नाही. पण रोप शेजारच्या घरी गेलं आणि त्यांनी पावसात कोंबाची भाजी केली, तर दोष कुणाला? मला यावर वाद घालायचा नाही, साध्वीजी महाराजांना विचारावं. मी रोप देताना एवढंच सांगते की पहिली चार वर्षं कोंब काढू नका, बेट बसणार नाही. हे बागेचं शास्त्र आहे आणि ऐकणारी ते ऐकते. तुमच्या घरी चालत नाही म्हणून आमच्या घरीही नको, असं सांगितलं असतं तर रोप परत आलं असतं.

आता दरडीबद्दल, कारण ज्या कारणासाठी बांबू आपल्याकडे आला ते विसरून चालणार नाही. २२ जुलै २०२१ला तळीयेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरड आली. त्याआधी २००५च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. आपल्याकडे ही गावांची नावं म्हणजे माणसांची नावं आहेत. त्यामुळे कुणी 'बांबू लावा, दरड थांबते' म्हणालं की मला बोलावंसं वाटतं. बांबूची मुळं दाट असतात, पण बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांत. पऱ्याचा काठ, बांध, रस्त्याकडेची धूप, वाहून जाणारी वरची माती यांना तो चांगला धरतो. पण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात डोंगर खोलवरून सुटला तर बेटही त्याच्याबरोबर खाली येतं. उतारावर घर असलेल्या बाईला रोप देताना हे तोंडाने सांगितलं पाहिजे. रोप आहे म्हणून तिने पावसाळ्यात घर सोडायची सूचना टाळली, तर ते रोप न दिलेलं बरं. पुन्हा विक्रीकडे येते ती याच कारणासाठी. विकणाऱ्या माणसाला मालाची मर्यादा सांगणं जड जातं. देणाऱ्याला ती अडचण नसते.

बांबू जाळू नये, वंश जळतो, असं सासूबाई म्हणायच्या. आमच्याकडे तुटक्या काठ्या वालाच्या वेलाला जातात आणि उरलेल्या कुजतात. तोडायला परवानगी लागते का असंही कुणी विचारलं होतं. २०१७ साली कायदा बदलला आणि वनाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला. परसातल्या काठीसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही.

मंडळाच्या पुढच्या सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. विक्री नको. कंद नको. वही मंडळाच्या कपाटात राहील आणि प्रत्येक रोपामागे एक ओळ लिहिली जाईल. कुणाला हे जास्त वाटत असेल तर सभेत बोला, मागाहून फोनवर नको. माझ्या वाफ्यात माणग्याचे चाळीस तुकडे आहेत, दोन वेगळ्या गावांचे. अक्षय्य तृतीयेनंतर जे लागतील ते देईन. पिशवी घरून आणा, दुधाची धुतलेलीही चालेल, आणि कुठे लावणार ती जागा आधी बघून या.