आटे बसले म्हणजे प्लग बसला असे नाही

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात 'लॉन' म्हटले की गवत नव्हे, लग्न डोळ्यांसमोर येते. गेल्या काही वर्षांत गावाबाहेर, रस्त्याला लागून अशी कितीतरी लॉन उभी राहिली. मंडपवाला, आचारी, बिछायतवाला, लाइटवाला आणि बस्त्याचे कापड विकणारे आमच्यासारखे दुकानदार, सर्वांची रोजीरोटी या लॉनशी जोडलेली आहे. पण त्या लॉनचे गवत कापणाऱ्या मशीनकडे आणि तिच्या इंजिनात बसलेल्या बोटभर स्पार्क प्लगकडे कोणी लक्ष देत नाही. मशीन ऐन वेळी बंद पडते तेव्हाच त्याची आठवण होते.

मी कापडाचा व्यापारी. इंजिन हा माझा धंदा नव्हे. तरीही प्लगवर लिहायला बसलो, कारण या बाबतीत एक चूक मी स्वतः केली आहे, आणि तीच चूक आपल्या बाजारात गिऱ्हाईक व दुकानदार दोघेही सर्रास करीत असतात.

माझ्या पुतण्याचे एका लॉनमध्ये भागीदारीचे काम आहे. लग्नाला दोन दिवस उरले असताना गवत कापायची मशीन बंद पडली. मी बाजारात होतो. त्याचा फोन आला, "चाचा, येताना एक प्लग घेऊन या." जुना प्लग माझ्याजवळ नव्हता, त्याचा नंबर मी विचारला नाही आणि त्याने सांगितला नाही. मी एका दुकानात जाऊन म्हणालो, "गवताच्या मशीनचा प्लग द्या." दुकानदाराने मोटारसायकलचा एक प्लग काढून दिला आणि म्हणाला, "हा सगळ्यांना चालतो." मी पैसे दिले. आम्ही तो हाताने फिरवला, आटे बरोबर बसले, पान्याने आवळला. पुतण्याने दोरी ओढली. आतून 'टक्' असा आवाज आला आणि दोरी तिथेच अडकली.

मिस्त्रीने हेड उघडले. व्हॉल्व्ह वाकला होता आणि प्लगचे टोक चेपले होते. मिस्त्री वयाने माझ्याहून लहान, पण त्याने मला चांगले ऐकवले, "सेठ, आटे बसले म्हणजे प्लग बसला असे नाही." शंभर-दीडशेच्या प्लगपायी दोन हजारांवर खर्च झाला, आणि लग्नाच्या आदल्या रात्री हॅलोजनच्या उजेडात चार माणसांना विळ्याने गवत कापावे लागले. दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. पण पन्हा न सांगता कापड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी स्वतः काय म्हणतो, ते मला त्या रात्री आठवले.

झाले असे होते. छोट्या इंजिनांच्या बहुतेक प्लगचे आटे 14 मिलिमीटर व्यासाचे असतात. म्हणून एकाचा प्लग दुसऱ्यात सहज फिरतो आणि माणूस फसतो. फरक असतो आट्यांच्या लांबीत. जुन्या साइड-व्हॉल्व्ह पद्धतीच्या मशीनला ही लांबी साधारण 9.5 मिलिमीटर लागते. मोटारीच्या व मोटारसायकलच्या कित्येक प्लगची लांबी 12.7 किंवा 19 मिलिमीटर असते. लांब प्लग आखूड जागेत घातला तर तो आत घुसून पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला भिडतो. उलट आखूड प्लग लांब जागेत घातला तर ठिणगी भोकातच पडते, पेट्रोल नीट जळत नाही आणि हेडच्या उघड्या आट्यांत काजळी साचते. मग पुढे बरोबर प्लग आणला तरी तो बसताना आटे खातो.

दुसरी गोष्ट उष्णतेच्या नंबराची. प्लगचे टोक साधारण 500 अंशांच्या वर तापले तर त्याच्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ते 850 अंशांच्या पुढे गेले तर ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटते आणि पिस्टन खराब होतो. काही प्लग उष्णता धरून ठेवतात, त्यांना गरम प्लग म्हणतात. काही ती लवकर हेडला देऊन टाकतात, ते थंड प्लग. कोणत्या इंजिनाला कोणता, हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवून पुस्तिकेत दिलेले असते.

इथे कापडवाल्याला लगेच समजेल अशी एक गंमत आहे. सुती सुताचा काउंट जितका मोठा तितके सूत बारीक. आपल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत बनणाऱ्या डेनिमचे सूत लहान काउंटचे, म्हणजे जाड असते, आणि मलमलीचे मोठ्या काउंटचे, म्हणजे बारीक. पण पॉलिस्टरचा धागा डेनियरमध्ये मोजतात, आणि तिथे नंबर मोठा तर धागा जाड. नवा पोरगा दुकानात लागला की पहिले सहा महिने यातच गोंधळतो. प्लगचे अगदी असेच आहे. एनजीके कंपनीचा नंबर मोठा असेल तर प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन या कंपन्यांचा नंबर मोठा असेल तर प्लग गरम. एनजीकेचा बीपीआर6ईएस, बॉशचा डब्ल्यूआर7डीसी आणि चॅम्पियनचा आरएन9वायसी हे तिन्ही एकमेकांच्या जागी चालतात. कुठे 6, कुठे 7, कुठे 9! गवताच्या मशीनसाठी बनवलेला एनजीकेचा बीआर2एलएम आणि चॅम्पियनचा आरजे19एलएम यांचीही जोडी आहे. एकावर 2, दुसऱ्यावर 19. नुसता आकडा जुळवून कंपनी बदलणारा माणूस हमखास चुकणार. कंपनी बदलायची तर जोडीचा तक्ता पाहूनच बदलावी.

अक्षरांनाही अर्थ असतो. माझ्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला ती इंग्रजी अक्षरे आधी कोडे वाटली, पण शिकायला अर्धा तासही लागला नाही. एनजीकेच्या नंबरात सुरुवातीचा बी म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे. पी म्हणजे टोक थोडे पुढे आलेले. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ज्याने ठिणगीची खरखर रेडिओत आणि इलेक्ट्रॉनिक भागांत जात नाही. मधला आकडा उष्णतेचा. त्यानंतरचा ई म्हणजे 19 मिलिमीटरची लांबी आणि एच असेल तर 12.7. शेवटी एलएम असेल तर तो गवताच्या मशीनसाठीचा बुटका प्लग. एवढे वाचता आले तरी निम्मी फसगत टळते.

आता इंजिनाप्रमाणे पाहू. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनांना आरजे19एलएम लागतो. होंडाच्या जीसीव्ही160 या गवताच्या मशीनच्या इंजिनाला आणि पंप-जनरेटरवर दिसणाऱ्या जीएक्स160 ला बीपीआर6ईएस. खांद्यावर घेऊन गवत कापायच्या कित्येक दोन-स्ट्रोक मशीनना बीपीएमआर7ए. तिन्हींचे आटे 14 मिलिमीटरचेच, पण एकाचे काम दुसरा करणार नाही.

तिसरी गोष्ट गॅपची, म्हणजे ठिणगी जिथून उडते त्या फटीची. होंडाच्या वरील दोन्ही इंजिनांना 0.7 ते 0.8 मिलिमीटर. ब्रिग्जच्या जुन्या इंजिनांना 0.76. नवीन प्लगही फिलर गेजने तपासून घ्यावा, कारण डबी पडली तरी गॅप बदलतो. नाण्याच्या किंवा ब्लेडच्या अंदाजाने गॅप लावणे म्हणजे वितीने कापड मोजण्यासारखे आहे.

बसवतानाही घाई नको. इंजिन थंड होऊ द्यावे, कारण गरम ॲल्युमिनियमचे आटे लवकर निघतात. प्लग शेवटपर्यंत हाताने फिरवावा. वायसर टेकल्यावर नवीन प्लगला पान्याने अर्धा फेरा पुरे. जुनाच परत लावायचा असेल तर पाव फेऱ्याहून जास्त नको. काही ठिकाणी लांब प्लगखाली दोन वायसर घालून तो आखूड करायचा जुगाड चालतो. तो टाळावा. प्लगची उष्णता याच बसकेतून हेडमध्ये जाते. जास्तीचा वायसर तिथेच अडथळा करतो.

आणि प्लग बदलण्याआधी तो खरोखर गुन्हेगार आहे का, तेही पाहावे. लोडशेडिंगच्या वर्षांत केरोसीनवरचा छोटा जनरेटर चालवणाऱ्या आपल्यातल्या कित्येक दुकानदारांनी काळाठिक्कर प्लग काढून पुसला आहे. तो रंगच इंजिनाची हकीकत सांगत असतो. टोक बदामी किंवा राखाडी असेल तर सर्व ठीक. कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर तुंबला आहे किंवा चोक उघडत नाही. तेलकट असेल तर ऑइल वर येत आहे. पांढरे पडून फोड आले असतील तर इंजिन जास्त तापते. हंगामभर टाकीत राहिलेले शिळे पेट्रोल काढून टाकल्यावर 'मेलेला' प्लग पुन्हा चालल्याचेही मी पाहिले आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा वस्तूसाठी एवढी चर्चा कशाला? पण असेच छोटे पेट्रोल इंजिन आपल्या कास्तकाराच्या पाठीवरच्या फवारणी पंपातही असते. 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे दुसरी होती, प्लगचा त्यात दोष नाही. परंतु चुकीच्या प्लगने पंप वावरात मध्येच बंद पडला, तर मजूर औषधाने भिजलेल्या हातांनी तो उघडतो, पुन्हा पुन्हा दोरी ओढतो, तोंडाचा रुमाल काढून फुंकर मारतो. त्याला जो प्लग विकला, तो नंबर पाहून दिला होता की 'चालून जाईल' म्हणून दिला होता, याचा विचार विकणाऱ्याने केलाच पाहिजे.

स्पेअर पार्ट्सचे दुकान आणि गॅरेज या धंद्यांत आपले बरेच बांधव आहेत. त्यांचे म्हणणेही मी ऐकले आहे. "इतके नंबर ठेवायचे कुठे? भांडवल अडकते." मला हे पटत नाही. आपल्या भागात चालणाऱ्या छोट्या इंजिनांची यादी केली तर चार-पाच नंबरांत बहुतेक काम भागते. प्रत्येकाचे पाच नग ठेवले तरी एका भारी साडीच्या किमतीच्या आसपास माल होतो. आणि ज्याचा नंबर नाही, त्याला 'माझ्याकडे नाही' असे सांगावे. एक गिऱ्हाईक त्या दिवशी परत जाईल, पण पुढच्या वेळी तो विचारायला तुमच्याकडेच येईल. कापडाच्या धंद्यात माझा हाच तजुर्बा आहे.

नकली मालाचेही तेच. नामांकित कंपनीची हुबेहूब डबी, आत हलका माल. निम्म्या भावात मिळतो म्हणून दुकानदार भरतो, आणि बिल मागितले की तोंड फिरवतो. गिऱ्हाइकाने बिल मागावे. दुकानदाराने न मागता द्यावे आणि त्यावर नुसते 'प्लग एक नग' न लिहिता पूर्ण नंबर लिहावा.

माझ्या पुतण्याच्या मशीनवर आता ऑइल पेंटने प्लगचा नंबर आणि गॅप लिहिलेला आहे. जुना प्लग फेकून न देता डबीत ठेवला आहे, दुकानात नमुना दाखवायला. ज्या दुकानातून मी तो चुकीचा प्लग घेतला होता, तिथे मी पुन्हा गेलो, भांडायला नव्हे. चार इंजिने, त्यांचे नंबर आणि गॅप असा मराठी व उर्दूत लिहिलेला एक कागद त्यांना दिला. त्यांनी तो गल्ल्याच्या वर चिकटवला आहे.