टेनरला दम जास्त लागतो?

वाचकहो, या सदरात आपण बहुधा आजारापासून सुरुवात करतो. आज एका वाद्यापासून करू. आजारापर्यंत आपण त्याच वाटेने पोहोचणार आहोत, आणि त्या वाटेवर आपल्या या डॉक्टरची एक चूकही आहे.

माझ्या एका रुग्णाला घरचे आणि मित्रमंडळी अप्पा म्हणतात. येथेही तेच नाव ठेवू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ६९. तरुणपणी ते दिवसा दुकानात हिशेब लिहीत आणि लग्नसराईत बँडमध्ये ऑल्टो सॅक्सोफोन वाजवीत. पुढे बँड सुटला, ऑल्टो सुटला नाही. आठ वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हापासून ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज चालू आहे. एवढे सोडले तर प्रकृती ठणठणीत. दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून येणारा हा माणूस.

त्यांचा बँडमधला जुना जोडीदार टेनर सॅक्सोफोन वाजवीत असे. तो गेला. तेराव्यानंतर वहिनींनी टेनरची पेटी अप्पांच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, माळ्यावर पडून राहण्यापेक्षा तुम्ही वाजवा." नाही कसे म्हणणार? वयाच्या ६९ व्या वर्षी अप्पा ऑल्टोवरून टेनरवर आले.

एकाच घरातले दोन भाऊ

बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स यांनी या वाद्याचे पेटंट १८४६ मध्ये पॅरिस येथे घेतले. लष्करी बँड, गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले वादक, मुंबईच्या हॉटेलांतील जॅझवृंद आणि चित्रपटांचे वाद्यवृंद अशा वाटांनी ते आपल्या वरातींपर्यंत आले. 'काश्मीर की कली' (१९६४) आणि 'आराधना' (१९६९) या चित्रपटांच्या गाण्यांत मनोहारी सिंग यांनी वाजवलेला सॅक्सोफोन आपल्या पिढीच्या कानांत आजही आहे.

ऑल्टो आणि टेनर हे या कुटुंबातील दोन भाऊ. कळांची रचना तीच, बोटेही तीच. मात्र ऑल्टोवर ज्या बोटांनी षड्ज निघतो, त्याच बोटांनी टेनरवर त्याखालचा मंद्र पंचम निघतो. टेनरचा आवाज पुरुषी गळ्याच्या जवळ जाणारा, भरदार. म्हणून अनेक वादकांना उतारवयात त्याची ओढ वाटते.

शरीराच्या दृष्टीने मात्र फरक बराच आहे. टेनरची नळी लांब व रुंद, मुखिका मोठी, तोंडातील वेताची पट्टीही रुंद. जबडा थोडा सैल ठेवून जास्त हवा सोडावी लागते. कळांमधील अंतर वाढल्याने बोटे अधिक ताणली जातात. ऑल्टोचे वजन साधारण अडीच किलो. टेनरचे तीन ते साडेतीन किलो. हे वजन गळ्यातल्या पट्ट्यावर, म्हणजे मानेच्या मणक्यांवर येते आणि काही भार उजव्या अंगठ्यावर. एक किलो साखरेची पिशवी गळ्यात जादा अडकवून तासभर उभे राहिल्याची कल्पना करा.

हा बदल करणारे जगप्रसिद्ध वादकही आहेत. अमेरिकेचे सॉनी रोलिन्स ऑल्टोवरून टेनरवर आले ते सोळाव्या वर्षाच्या सुमारास. जॉन कोल्ट्रेन आले ते विशीच्या सुरुवातीला. त्या वयाची मान वेगळी आणि एकोणसत्तरची मान वेगळी.

माझी चूक

दीड महिन्याने अप्पा दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, टेनरला दम जास्त लागतो. पूर्वी एका श्वासात ओळ संपायची, आता मध्येच तुटते."

मी छाती तपासली; स्वच्छ होती. रक्तदाब ठीक. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दाखवले. स्टेंटचा इतिहास असल्याने ईसीजी काढला. जुन्या ईसीजीपेक्षा वेगळे काही नव्हते. मी म्हणालो, "अप्पा, वाद्य मोठे आहे, हवा जास्त मागणारच. सुरुवातीला थोडे थोडे वाजवा. सवय होईल."

माझे वाक्य खोटे नव्हते. टेनर खरोखरच जास्त हवा मागतो. पण पटण्याजोगे एक कारण समोर आले आणि मी पुढचे प्रश्न विचारायचे थांबलो. वाद्य हातात नसतानाही दम लागतो का, हे विचारले नाही. दुसरे काही दुखते का, त्यासाठी काय घेता, हेही विचारले नाही. खालची पापणी ओढून रंग पाहायला पाच सेकंद लागतात. तेवढेही केले नाही.

चार आठवड्यांनी अप्पांना घेऊन त्यांची सून आली. ती म्हणाली, "डॉक्टर, बाबा आता पांडवलेणीला जात नाहीत. विचारले तर म्हणतात, सकाळी रियाज असतो. परवा दुसऱ्या मजल्यावर येताना दोनदा थांबले. तेव्हा तर हातात टेनर नव्हता." असे म्हणून तिने घरातील सगळ्या औषधांची प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली.

त्यात माझ्या ओळखीच्या गोळ्यांबरोबर डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या अर्ध्या संपलेल्या तीन पट्ट्या होत्या. "या कशासाठी?" मी विचारले. अप्पा खाली पाहून म्हणाले, "मान दुखते. मेडिकलमधून आणल्या." दिवसाला दोन, सुमारे दोन महिने, पुष्कळदा रिकाम्या पोटी.

आता मी पापणी पाहिली. पांढुरकी होती. शौचाचा रंग विचारला, तेव्हा सून बाहेर जाईपर्यंत अप्पा बोलले नाहीत. मग म्हणाले, "काळी होते. डांबरासारखी. पण असले काय सांगायचे?"

हिमोग्लोबिन ७.२ निघाले. पुरुषांमध्ये ते १३ च्या वर असावे. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण दिसला. अप्पांना दाखल करून रक्त द्यावे लागले.

साखळी कशी जुळली

टेनर जड, म्हणून मान दुखली. मान दुखली, म्हणून गोळ्या. गोळ्यांनी जठराला व्रण. व्रणातून रोज थोडे थोडे रक्त झिरपले. रक्त कमी झाले, म्हणून दम लागू लागला. आणि दमाचा दोष पुन्हा टेनरच्या माथी. दोष टेनरकडूनच सुरू झाला होता, पण आम्ही दोघे समजत होतो त्या रस्त्याने नव्हे.

आता काही गोष्टी समजून घेऊ. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके सूज कमी करतात. त्याच वेळी जठराच्या आतील संरक्षक आवरणही दुबळे करतात. जोडीला ॲस्पिरिन असेल तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. ज्येष्ठांमध्ये अशा व्रणाने पोट दुखेलच असे नाही. याच गोळ्यांमुळे रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांवरही ताण येऊ शकतो.

मग ऑक्सिमीटर ९८ कसे दाखवत होता? हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्या समजा. गाड्या किती टक्के भरल्या आहेत, हे ऑक्सिमीटर सांगतो. गाड्या एकूण किती आहेत, हे तो सांगत नाही. अप्पांच्या गाड्या जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या, पण असलेली प्रत्येक गाडी भरलेली होती. म्हणून घरी ऑक्सिमीटरवर आकडा चांगला आला, एवढ्यावर दम लागण्याकडे दुर्लक्ष करू नका.

मान दुखते हे अप्पांनी आधी का सांगितले नाही? रुग्णालयात मी विचारले. ते म्हणाले, "मित्राचे वाद्य मला जड होते, हे वहिनींच्या कानावर गेले असते." वाचकहो, ज्येष्ठांच्या मौनामागे केवळ हट्ट असतो असे आपण समजतो. पुष्कळदा कुणाचे तरी मन राखणे असते.

नवे वाद्य, जुनी मान

बासरी, क्लॅरिनेट, सनई, सॅक्सोफोन यांपैकी काहीही आपण वाजवीत असाल किंवा नव्याने हाती घेणार असाल, तर ते अवश्य करावे. श्वासाला शिस्त लागते, बोटे चालती राहतात, चार माणसांत जाणे होते. मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. मानेवर वजन घेऊ नका. गळ्याच्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा मिळतो. बिनहातांच्या खुर्चीवर ताठ बसून वाजवा, किंवा वाद्याचा भार पेलणारा स्टँड वापरा. वाद्य तोंडापाशी आणा, तोंड वाद्याकडे वाकवू नका.

२. सुरुवातीला एका वेळी १५ ते २० मिनिटे, एक दिवसाआड, एवढेच पुरे. हातांत मुंग्या येणे, पकड सैल होणे किंवा चालताना तोल जाणे ही मानेतील मज्जा दाबली जात असल्याची लक्षणे असू शकतात. वाद्य बंद ठेवून डॉक्टरांना भेटा.

३. मान दुखली तर आधी विश्रांती, शेक आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. गोळी लागलीच तर कोणती, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर मेडिकलच्या दुकानातून स्वतःहून वेदनाशामक घेऊ नका. मात्र हृदयासाठी दिलेले ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

४. सॅक्सोफोनची मुखिका वरच्या दातांवर टेकते. कवळी हलत असेल तर दंतवैद्यांकडून आधी बसवून घ्या.

५. जोराने फुंकताना डोळ्यांतील दाब काही काळ वाढू शकतो. काचबिंदू असेल, किंवा मोतीबिंदू वा हर्नियाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर वाजवण्यापूर्वी त्या डॉक्टरांची परवानगी घ्या.

६. मुखिका व वेताची पट्टी वाजवून झाल्यावर पुसा, सुकवा. मुखिका नियमित धुवा. ओलसर वाद्यात वाढलेल्या बुरशीमुळे फुप्फुसांना ॲलर्जीचा विकार झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

७. दमाची सबब शोधू नका. वर उल्लेख केलेल्या सॉनी रोलिन्स यांना फुप्फुसे तंतुमय होण्याच्या विकारामुळे वाजवणे थांबवावे लागले; २०१२ नंतर त्यांचा जाहीर कार्यक्रम झाला नाही. दमामागे फुप्फुसे, हृदय किंवा रक्त यांपैकी काहीही असू शकते. शोध घेतल्याशिवाय ते कळत नाही.

घरच्यांसाठी

काळजी घेणाऱ्या सुना, मुली, मुलगे आणि जोडीदार यांना माझे आवर्जून सांगणे आहे. आपले ज्येष्ठ काय सांगतात यापेक्षा त्यांनी काय करणे सोडले, याकडे लक्ष द्या. रविवारची टेकडी, बाजारातून स्वतः भाजी आणणे, जिना न थांबता चढणे, यांतले काही गळाले आणि त्याला एखादे सोयीचे कारण चिकटले, की विचारपूस करा. काळी डांबरासारखी शौच, उभे राहताना घेरी, सवयीच्या जिन्यावर नव्याने लागणारा दम यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळसर होतो, पण कशामुळे झाला हे घरी बसून ठरवू नका. आणि असले प्रश्न विचारताना थोडा एकांत द्या. अप्पा सुनेसमोर बोलले नसते.

अप्पांचा व्रण औषधांनी भरला. हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ॲस्पिरिन जठराच्या संरक्षक औषधासह पुन्हा सुरू झाले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.६ झाले. त्यांनी वहिनींना स्वतःच फोन करून वाद्य जड पडते हे सांगितले. वहिनी म्हणाल्या, "अहो, ह्यांनासुद्धा शेवटी जडच व्हायचे. बसून वाजवायचे ते."

आता अप्पा आठवड्यातून दोन दिवस टेनर वाजवतात, बसून, खांद्यांवरच्या पट्ट्याने. इतर दिवशी ऑल्टो. ओळ अजूनही कधी मध्येच तुटते. त्याला मात्र खरोखर टेनरच कारण आहे, आणि हे म्हणण्याआधी आम्ही रक्त तपासून घेतले आहे.

पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरातील सगळ्या गोळ्या, मलमे, काढे आणि चूर्णे एका पिशवीत घालून न्या. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ती पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी करा.