धंदा करायचाय? मग हे तिघं वाचा!



"सर, बिझनेससाठी काय वाचू?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. माझं मत सरळ आहे: झटपट श्रीमंत करणारी पुस्तकं आधी बाजूला ठेवा. बीबीएनंतर मी तीच वाचली, जोशात माल भरला आणि दिवाळीनंतर अर्धा गोदामात पडून राहिला. हिंमत होती, पण गिऱ्हाईक कळत नव्हतं. आता मी तीन प्रकारचं वाचतो.

प्रेरणेसाठी: लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. पुढे लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडाने जमीन खराब होईल म्हणून शेतकरी घेईनात! गिऱ्हाईकाची भीती घालवणं हेही आपलंच काम, हे तिथे कळतं.

हसण्यासाठी: पु. ल. देशपांडे यांचं 'मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर'. त्यातल्या पुणेरी दुकानदारावर मनसोक्त हसा, मग स्वतःच्या काउंटरकडे बघा. मी बघितलं आणि माझं हसू थांबलं.

नवीन नजरेसाठी: मारुती चितमपल्ली. वनाधिकारी म्हणून ते आपल्या नवेगावबांधला होते. पक्षी बघायचा तर गप्प बसावं लागतं, हे त्यांच्याकडून शिकलो. गिऱ्हाईकाचंही तसंच आहे. आपणच बडबडलो की ते उडून जातं.

यातलं एक तरी या आठवड्यात उचला. रोज दहा पानं वाचा आणि दुकानात एक गोष्ट बदला. काय बदललं, ते मला नक्की सांगा!